मास्तरीणबाईंनी न लिहिलेली रोजनिशी

"मास्तरीणबाई, आज खरं खरं सांगायचं. माझी कंबर किती?"

बँकेतल्या कॅशियरबाईंनी दुकानाच्या पायरीवरूनच तोफ डागली, तेव्हा मास्तरीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

"बोला ना! पुस्तकात तर भरभरून बोलला आहात."

झालं. आज सकाळपासून ही तिसरी. मास्तरीणबाईंनी टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, ते पुस्तक मी लिहिलेलं नाही. आमच्या घरातल्या साहित्यिकांनी लिहिलंय. देवाशप्पथ सांगते, मला त्यातलं काहीही विचारू नका."

"असंच म्हणणार तुम्ही," कॅशियरबाई म्हणाल्या. "खाजगी लिखाण बाहेर आल्यावर दुसरं काय म्हणणार माणूस?" आणि दुरुस्तीला टाकलेला स्कर्ट तसाच परत घेऊन त्या निघून गेल्या.

मास्तरीणबाई शाळेतल्या मास्तरीण नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिवणारा पुरुष मास्तर, म्हणून शिवणारी बाई मास्तरीण, इतकाच त्याचा अर्थ. केमिस्टच्या शेजारचं अरुंद दुकान त्यांचं. नवीन कपडे त्या फारसे शिवत नसत. जुन्याचं निस्तरणं हा त्यांचा धंदा. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, गेलेली चेन नवी बसवायची, थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याच्या अंगासारखा करायचा. लग्नाआधी मावशीच्या हाताखाली शिकल्या, लग्नानंतर मशीन घेतलं, आणि त्या मशीनवर दोन मुलींची शिक्षणं झाली. मावशीने शिकवलेली एक गोष्ट त्या जन्मभर पाळत आल्या. कंबरेचं माप घेताना तोंडाने एक इंच कमी सांगायचं आणि चिठ्ठीवर खरं लिहायचं. गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि कपडा अंगाला नीट बसतो. यात कुणाचं काय बिघडतं?

काही बिघडत नव्हतं. साहित्यिक निवृत्त होईपर्यंत तरी.

साहित्यिक म्हणजे त्यांचे यजमान. पाणीपट्टीच्या कचेरीत आलेल्या कागदाला आवक आणि गेलेल्या कागदाला जावक क्रमांक टाकण्यात त्यांची उभी हयात गेली. साधा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. निवृत्तीनंतर चार दिवस पेपर वाचला, चार दिवस नळाचा वायसर बदलला, आणि मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवून ते म्हणाले, "मी कादंबरी लिहितोय. रोजनिशीच्या रूपात."

"लिहा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फक्त जेवायच्या वेळी टेबल मोकळं करा."

"तसं नाही, तंत्र समजून घे. रोजनिशीत लेखक मध्ये लुडबुडत नाही. पात्र स्वतःशीच बोलतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपण कुणाच्या तरी कपाटात डोकावतोय. आणि चोरून वाचलेल्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो."

"मग कपाट कुणाचं?"

"एका शिंपिणीचं."

"अहो, जगात दुसरे धंदे काय ओस पडले होते?"

"मला जवळून माहीत असलेलं जग हवं ना," साहित्यिक म्हणाले.

जवळून! या माणसाने एवढ्या वर्षांत कधी स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा लावलं नव्हतं. पहिलं पान त्यांनी मोठ्या प्रेमाने वाचून दाखवलं. 'आज सुईच्या नेढ्यातून मी आभाळ पाहिलं.' मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय नेढ्यात दोरा दिसत नाही, आभाळ कुठून दिसणार?" पुढे त्या शिंपिणीने खालच्या दोऱ्याची बॉबिन मशीनच्या वरच्या खुंटीला लावली. बॉबिन खाली असते हो, पट्टीच्या आत, त्या ओरडल्या. साहित्यिक म्हणाले, "वाचकाला काय कळतंय." आणि दिवसभर मशीन मारून मान मोडलेली बाई रोज बसून पानंच्या पानं लिहिते, तेही समोरच्याचं बोलणं शब्दन् शब्द लक्षात ठेवून, हे कुणाला पटेल? पाठ टेकली की ती घोरायला लागेल. साहित्यिक यावर दुखावले आणि म्हणाले, "छापून आल्यावरच वाच." मास्तरीणबाईंना ते सोयीचंच होतं. त्यांच्यासमोर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता.

पुस्तक आलं. नाव 'शिवणखोलीतली रोजनिशी'. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: 'ही पानं मला एका शिलाई मशीनच्या खणात सापडली. मी केवळ संपादक आहे.'

"अहो, खणात तुटक्या सुया आहेत! हे काय लिहिलंत?"

"तेही तंत्रच. आधीपासून चालत आलंय. वाचक तेवढं समजून घेतो."

वाचकाने काय डोंबल समजून घेतलं! साहित्यिकांनी स्वतःच्या हाताने पुस्तक सगळ्या गल्लीत वाटलं. झेरॉक्सवाल्याला, केमिस्टला, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना, कुणाला म्हणून सोडलं नाही. आणि त्या पुस्तकात, इतक्या सगळ्या थापांमध्ये, त्यांनी एकच खरी गोष्ट घातली होती. कंबरेचा एक इंच. लोकांनी घरी जाऊन टेप काढले, मोजून पाहिलं, आणि तोंडात बोटं घातली. इंच खरा, म्हणजे सगळंच खरं! औषधवाल्याची बायको दात मोजून हसते हे खरं, हेडमास्तरांच्या पँटचा खिसा आतून फाटका आहे हे खरं, शिंपिणीला सगळ्या गिऱ्हाइकांचा मनातून वीट आलाय हेही खरं.

तिथून मास्तरीणबाईंच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो झालाच. केमिस्टची बायको समोरून जाताना ओठ घट्ट मिटून जाऊ लागली. हेडमास्तरांनी कोट दुसरीकडे टाकला. पडद्यामागे कपडे बदलता बदलता जी बाई घरचं सगळं ओकून टाकायची, ती आता म्हणे, "हे लिहून ठेवू नका हं!" एक महाशय तर खण उघडून दाखवा म्हणून हटून बसले. मास्तरीणबाईंनी खाडकन खण ओढला. आत तुटक्या सुया, बॉबिन, खडूचे तुकडे, एक चेपलेलं अंगुस्तान. ते म्हणाले, "आता कशाला ठेवाल इथे!" नणंदेचा फोन आला, आवाजात नुसता आनंद, "वहिनी, एकदाचं मन मोकळं केलंस. इतकी वर्षं कोंडून ठेवलंस गं!" जे लिहिलं ते दाखवता येतं. जे लिहिलंच नाही ते माणसाने कसं दाखवायचं? मास्तरीणबाईंनी हात टेकले. पुस्तक त्यांनी औषधवाल्याच्या बायकोच्या दातांपर्यंत वाचलं होतं. तिथेच त्यांचं डोकं भणभणलं आणि ते त्यांनी दोऱ्यांच्या डब्यांमागे भिरकावून दिलं.

गिऱ्हाइकं रुसतात आणि पुन्हा येतात, चेन कुणाची जायची थांबत नाही. पण धाकटी यायची थांबली.

धाकटी म्हणजे त्यांची दुसरी मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथेच दोन खोल्यांत राहायची. सुट्टीच्या दिवशी न चुकता दुकानात येऊन बसायची. उसवायची कामं सगळी तिची. जुन्या शिवणी उसवत, दोरे वेचत, दवाखान्यातल्या गमती सांगत तिची दुपार जायची. पुस्तक आल्यापासून ती फिरकली नव्हती. फोन केला की "काम आहे गं." पुन्हा केला की "बघते." मास्तरीणबाईंना वाटलं, असेल काम.

मग थोरली आली. काखेत ते पुस्तक. स्टुलावर बसली, पान काढलं आणि आईच्या पुढ्यात धरलं.

"आई, हे तू वाचलंस?"

मास्तरीणबाईंनी चष्मा लावला.

'आज खात्री झाली. पुन्हा दिवस गेले आहेत. हे मूल मला नको आहे. कुणाला न सांगता दवाखान्यात गेले. भिंतींना हिरवा ऑइलपेंट. जिन्याच्या वळणावर लाकडी बाक, त्याचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. बसून राहिले. समोर वजनकाटा होता आणि एक माणूस उगाच त्यावर चढत होता, उतरत होता. आत बोलावलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. परत आले. मूल झालं, वाढलं. अजूनही ती हसली की मला तो बाक आठवतो.'

मास्तरीणबाईंनी पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ पाहिलं.

"धाकटीने वाचलंय," थोरली म्हणाली. "मला फोन करून विचारत होती, ताई, तुला माहीत होतं का. आई, खरं आहे का हे?"

"तूसुद्धा?" मास्तरीणबाईंचा आवाज चिरकला. "जगाने विचारलं ते विचारलं, तू विचारतेस? अगं, मी कुठल्याही बाकावर बसले नाही! चल ऊठ, तू दुकान बघ."

घर वरच होतं. साहित्यिक टेबलाशी दुसऱ्या कादंबरीचा आराखडा काढत होते. मास्तरीणबाईंनी पुस्तक त्यावर आपटलं.

"हे काय लिहून ठेवलंत?"

साहित्यिकांनी पान बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "ते पात्र आहे. तू नाहीस."

"मग मशीन माझं कशाला? दुकान माझं कशाला? दोन मुली कशाला? तुमच्या पात्राला तीन मुलगे द्यायला काय धाड भरली होती?"

"रोजनिशीत एक काळोखी जागा लागते. माणूस चारचौघांत जे बोलत नाही ते तिथे बोलतो. त्याशिवाय तंत्र उभं राहत नाही."

"तुमच्या तंत्राला आग लागो! आत्ताच्या आत्ता तिला फोन करा आणि सांगा, हे मी रचलंय म्हणून."

"असं स्पष्टीकरण दिलं की कलाकृती मरते गं."

"मरू दे! मुलगी यायची बंद झालीय माझी!"

भर दुपारी त्यांना हाताला धरून मास्तरीणबाईंनी जिना उतरवला आणि बसमध्ये घातलं. बसमध्येही साहित्यिकांचं तोंड चालूच. पहिल्या पानावर संपादक म्हणून जे निवेदन आहे त्यानेच खरं तर सगळा घोटाळा झाला, ते शेवटी टाकायला हवं होतं, पुढच्या आवृत्तीत टाकू. मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. एकदा वाटलं, याच स्टॉपवर या माणसाला उतरवून द्यावं आणि आपण एकटीने पुढे जावं. मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं. मनात काहीतरी टोचत होतं, पण नेमकं काय ते त्यांना सापडेना.

धाकटीने दार उघडलं. हसली नाही. "या," म्हणाली आणि पाणी आणायला वळली.

"पाणी राहू दे," मास्तरीणबाई दारातूनच म्हणाल्या. "आधी ऐक. ते मी लिहिलेलं नाही. अक्षरही माझं नाही. मी असल्या कुठल्या दवाखान्यात कधी गेले नाही."

"माहीत आहे आई. तुला वाढदिवसाच्या कार्डावर दोन ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटतो, तू कसली रोजनिशी लिहिणार." धाकटी टेबलाला टेकून उभी राहिली. दवाखान्याचा पांढरा एप्रन तिने अजून काढला नव्हता. "लिहिलंय बाबांनीच. पण तू कधीतरी त्यांना सांगितलं असशील. कंबरेचं सांगितलंसच ना? ते खरं निघालं. मग हेही खरं असणार. मला राग नाही आला. वाईट वाटलं, एवढंच. मी हसले की तुला असं काही आठवत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं."

"अगं, नाही सांगितलं मी!"

"मग बाबांना कुठून सुचलं?" धाकटी आता रडवेली झाली होती. "बाबांना काय सुचतं ते मला माहीत आहे. नेढ्यातून आभाळ सुचतं. त्यांना बॉबिन कुठे असते ते ठाऊक नाही, तुझ्या कातरीची मूठ कुठल्या रंगाची ते ठाऊक नाही. आणि बाकाचा आखूड पाय बरा सुचला!"

बसमध्ये मास्तरीणबाईंना टोचत होतं ते हेच. त्या हळूहळू साहित्यिकांकडे वळल्या.

"हा दवाखाना कुठला?"

"काल्पनिक," साहित्यिक म्हणाले.

"काल्पनिक बाकाखाली पुठ्ठा कोण सारतं हो?"

साहित्यिकांनी चष्मा काढला.

"आणि तो वजनकाट्यावरचा माणूस? जन्मात तुम्ही डोळे उघडून कुणाकडे बघितलेलं नाही. त्याच्याकडेच बरं बघितलंत! खरं बोला. त्या बाकावर कोण बसलं होतं?"

साहित्यिक खुर्चीत बसले. त्यांनी चष्म्याच्या काडीची उघडझाप केली. "मी," ते म्हणाले.

मग ते मास्तरीणबाईंकडे बघून सांगू लागले.

"तू सांगितलंस, दिवस गेलेत म्हणून. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. थोरली सतत आजारी. मला भीती वाटली. आपल्याला हे झेपणार नाही असं वाटलं. म्हणून चौकशी करायला गेलो."

"मला न सांगता?"

"हो."

"आणि परत का आलात?" हे धाकटीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, बायको काय म्हणते? मी म्हटलं, तिला अजून विचारलेलं नाही. त्या भडकल्या. म्हणाल्या, मग इथे कशाला आलात, आधी घरी जाऊन तिला विचारा."

"आणि तुम्ही विचारलंत का?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"धीर झाला नाही."

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "धीर तुम्हाला झाला नाही, बाकावर तुम्ही बसलात, मूल तुम्हाला नको होतं, आणि पुस्तकात लिहिताना 'मी' कोण? मी! सगळं जग मला विचारतंय आणि तुम्ही वर बसून तंत्र सांगताय!"

"पुरुषाच्या तोंडी ते फार वाईट दिसलं असतं," साहित्यिक पुटपुटले. "मी आधी तसंच लिहिलं होतं. मला वाचवेना. मग शिंपिणीच्या रोजनिशीत घातलं. तिथे ते... बरं वाटलं."

"तुम्हाला बरं वाटलं!"

"बाबा," धाकटी म्हणाली, "म्हणजे मी हसले की तुम्हाला तो बाक आठवतो?"

साहित्यिकांनी मान खाली घातली. "नेहमी नाही. पण आठवतो. तू काही मागितलंस की मला कधी नाही म्हणवलं नाही. थोरलीला म्हणायचो. तुला नाही."

"मला वाटायचं मी लाडकी आहे."

"आहेस गं. आहेसच."

धाकटीने डोळे पुसले, एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. वडिलांवरचा तिचा राग लगेच जाणार नव्हता, आणि तो जावा म्हणून मास्तरीणबाई मध्ये पडणारही नव्हत्या. त्यांचा स्वतःचाच अजून गेला नव्हता. तेवढ्यात धाकटी वळली आणि आईसमोर खुर्ची ओढून बसली.

"आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते बाबांनी केलं नाही. मीच विचारते. तुला कळलं, तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

मास्तरीणबाई गडबडल्या. सगळी गल्ली त्यांच्या मनातलं वाचून बसली होती, नणंद वाचून बसली होती, आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. आठवून आठवून त्या बोलायला लागल्या.

"आधी वैताग आला. खोटं कशाला बोलू. हातात कामं होती, सासूबाईंचं होतं, आता पाय सुजायला लागतील असं मनात आलं. मशीनवर बसले. एक बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. मग लक्षात आलं, मी हसतेय." त्या थांबल्या. "हे बघ, थोरलीच्या वेळी मला काय कळत होतं? सगळ्यांना होतं तसं आपल्याला झालं, इतकंच. तुझ्या वेळी मला सगळं माहीत होतं. कळा माहीत होत्या, जागरणं माहीत होती, हे घरात कितपत मदत करतील तेही पुरतं माहीत होतं. सगळं माहीत असून मला तू हवी होतीस. फार हवी होतीस."

धाकटीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मास्तरीणबाई तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने साहित्यिकांनी घसा खाकरला. "हे," ते म्हणाले, "हे मला सुचलंच नाही."

"सुचायला कशाला हवं होतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "विचारायचं होतंत."